ॲलर्जीवाल्या घराची साफसफाई: सुरुवात गादीपासून करा, झाडूपासून नाही

सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, नाक चोंदलेलं, डोळे चोळून चोळून लाल, आणि ऑफिसला पोचलं की तासाभरात सगळं आपोआप बरं. हे ज्यांच्या घरात चालू आहे त्यांनी आधी एवढंच बघायचं की त्रास घरात असताना वाढतो का, आणि त्यातही अंथरुणात आणि उठल्यावर वाढतो का. तसं असेल तर रस्त्यावरच्या धुळीला शिव्या घालून काही होणार नाही, मामला बेडरूममध्ये आहे.

बहुतेक घरांत होतं काय, की कुणाला तरी धुळीची ॲलर्जी निघते आणि लगेच हॉल चकाचक व्हायला लागतो. शोकेस रोज पुसतात, फरशीला दोन दोनदा फिनेल लागतं, आणि ज्या गादीवर माणूस सात-आठ तास तोंड खुपसून झोपतो ती मात्र लग्नात आली तेव्हापासून तशीच. फरशीवरची धूळ दिसते म्हणून ती पुसली जाते, पण त्रास देणारी चीज डोळ्यांना दिसतच नाही.

ती म्हणजे डस्ट माइट. मिलीमीटरच्या पाव भागाएवढा जीव, आपल्या अंगावरून रोज झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतो. चावत नाही, रोग पसरवत नाही. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रोटीनची, म्हणजे किडा मेला तरी मागे राहिलेला कचरा त्रास देतच राहतो. दुसरी गोष्ट, हा पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषून घेतो. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली बरेच दिवस राहिली की तो सुकून मरतो, 70-80 टक्क्यांत त्याची चैन. म्हणून कामं दोनच: ओल कमी करायची आणि साचलेला कचरा घराबाहेर काढायचा. पुढचं सगळं ह्या दोन गोष्टींभोवतीच आहे.

आधी आर्द्रता मोजा

ऑनलाइन छोटं डिजिटल हायग्रोमीटर मिळतं, तीन-चारशे रुपयांच्या आसपास. ते बेडरूममध्ये पलंगाच्या उशाशी ठेवा, हॉलमध्ये टीव्हीजवळ नको. आठवडाभर सकाळ-रात्र आकडा बघा. एअर प्युरिफायरवर हजारो रुपये घालायच्या आधी हे करा, कारण मग आपण कशाशी लढतोय ते कळतं.

मुंबई, ठाणे, कोकण, गोव्यात जुलैमध्ये हा आकडा 80 च्या वर दिसला तर घाबरू नका, बाहेरच तेवढा आहे. आणि इथे एक गोष्ट उलटी होते, हवा खेळती पाहिजे म्हणून धो धो पावसात दिवसभर खिडक्या उघड्या ठेवल्या तर घर वाळत नाही, बाहेरची ओल आत येते. उघडीप मिळाली, ऊन पडलं, की खिडक्या सताड उघडायच्या, सर आली की बंद. अंघोळीनंतर बाथरूमचा एक्झॉस्ट अर्धा तास चालू ठेवायचा आणि दार लावून घ्यायचं, नाहीतर ती सगळी वाफ बेडरूममध्ये येते. एसी असेल तर झोपायच्या आधी तास-दोन तास ड्राय मोडवर. 50 च्या खाली नेणं कोकणपट्टीत पावसाळ्यात एसी किंवा डीह्युमिडिफायरशिवाय (हवेतली ओल काढणारं मशीन) जमणार नाही, 60 पर्यंत आणलं तरी फरक पडतो.

कपडे वाळवणं हा पावसाळ्यातला खरा गुन्हेगार. एका मशीनभर ओल्या कपड्यांतून दोनेक लिटर पाणी हवेत जातं आणि आपण स्टँड लावतो कुठे, तर बेडरूममध्ये पंख्याखाली. जागा नाही हे मान्य, वन बीएचकेत कुठे लावणार, पण झोपायची खोली सोडून कुठेही लावा, हॉलमध्ये लावा, पाहुणे काय म्हणतील ते म्हणू देत. मशीनमध्ये स्पिन दोनदा फिरवला तरी निम्मं काम होतं.

विदर्भ-मराठवाड्यात गणित वेगळं. तिथला एप्रिल-मेचा कोरडा उन्हाळा माइटचं काम फुकटात तमाम करतो, आणि मग आपण खिडकीला कूलर लावून ती ओल परत आणतो. नागपूरच्या 45 डिग्रीत कूलर बंद करा असं कोण सांगणार. पण समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा म्हणजे दमट हवा बाहेर पडेल, टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण काढून घासा (डासांसाठीही हेच सांगतात), मागच्या वर्षीचे गवताचे पॅड परत लावू नका, त्यात बुरशी असते. आणि बंद करायच्या आधी पंप बंद करून नुसता पंखा अर्धा तास चालवा, पॅड सुकतात.

गादी, उशी, पांघरूण

हे काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं. ज्याला ॲलर्जी आहे त्याने हे करायचं नाही, त्या दिवशी त्याला बाजारात पाठवा.

पहिल्या दिवशी पलंग पूर्ण रिकामा करायचा. बॉक्स बेड असेल तर आतलं पण. जुन्या साड्यांच्या गोधड्या, पाहुण्यांसाठीच्या रजया, मुलांचे लहानपणीचे कपडे, फाटकी उशी "राहू दे लागेल कधीतरी" म्हणून ठेवलेली. हे सगळं आपल्या नाकाखाली साठवलेलं असतं. जे धुता येतं ते धुवा, वाळवा आणि झिपच्या प्लास्टिक बॅगेत बंद करून ठेवा, बाकीचं द्या किंवा टाका. उशी जुनी झाली की तिला वाचवत बसू नका, नवी घ्या.

चादरी, अभ्रे, दुलईची खोळ आठवड्यातून एकदा धुवायचं आणि पाणी 60 डिग्रीचं. थंड पाण्याने कचरा बराच निघून जातो पण माइट मरत नाहीत. फ्रंट लोड मशीनमध्ये 60 चं सेटिंग असतं. नसेल तर साधा हिशोब आहे, अर्धी बादली उकळतं पाणी आणि अर्धी बादली नळाचं मिसळलं की साधारण साठीच्या आसपास तापमान येतं. चादर त्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, मग नेहमीसारखी मशीनला टाका. लोखंडी किंवा स्टीलची बादली घ्या, पोरं आजूबाजूला नकोत, आणि रंग जाणारी चादर असेल तर अर्थातच वेगळी. उकळतं पाणी थेट मशीनच्या टबात ओतू नका.

कापसाची गादी असेल तर नशीबवान आहात. कडक उन्हात गच्चीवर चार-पाच तास एक बाजू, मग उलटून दुसरी. ऊन आणि कोरडेपणा दोन्ही माइटला सोसत नाही. पण ऊन दाखवून तशीच खाली आणली तर मेलेले किडे आणि त्यांची घाण आतच राहते, म्हणून काठीने दणकून झोडपायची, मास्क लावून, वाऱ्याला पाठ करून, आणि शेजारच्यांचे कपडे वाळत नाहीत ना ते बघून. कापूस गोळे झालेला असेल तर गादीवाल्याकडून पिंजून नवी खोळ शिवून घ्या. मात्र पिंजायचं काम बिल्डिंगच्या खाली चालू असताना ॲलर्जीवाल्या माणसाने खिडकीतसुद्धा उभं राहू नये.

फोम किंवा स्प्रिंगची गादी उन्हात टाकू नका, फोम खराब होतो. ती भिंतीला उभी करून ठेवा, पंखा मारा, आणि व्हॅक्युम क्लीनर हळूहळू फिरवा, शिवणी आणि कडा विशेष. हळू म्हणजे खरंच हळू. आता व्हॅक्युमची गोम अशी की साध्या मशीनच्या पिशवीतून बारीक कण मागच्या बाजूने परत हवेत जातात, त्यामुळे घ्यायचाच असेल तर हेपा फिल्टरवाला घ्या. हेपा म्हणजे 0.3 मायक्रॉनचे कण 99.97 टक्के अडवणारा, नुसतं "हेपा टाइप" लिहिलेलं असेल तर तो नव्हे. आणि काम झाल्यावर त्या खोलीत तासभर ॲलर्जीवाल्याने जायचं नाही, उडालेले कण खाली बसायला अर्धा तास तरी लागतो.

मग कव्हर. गादी आणि उशीला पूर्ण झिप असलेली, दाट विणीची माइटप्रूफ कव्हर मिळतात. वरून नुसतं इलॅस्टिकने बसणारं वॉटरप्रूफ शीट म्हणजे ते नाही, सहाही बाजूंनी बंद पाहिजे. आणि खरं सांगायचं तर एकटं कव्हर घालून मोठ्या माणसांच्या दम्यात फार फरक पडला नाही असं दिसलंय, ते बाकीच्या गोष्टींबरोबर घातलं तरच पैसे वसूल. उशीचं आधी घ्या, नाक तिथे असतं.

सकाळी उठल्यावर लगेच चादर ताणून पलंग छान लावायची सवय असेल तर ती जरा लांबवा. रात्रभराचा घाम आणि ओल आत कोंडली जाते. पांघरूण पायथ्याशी दुमडून तासभर पंख्याखाली राहू द्या.

मुलांचे केसाळ टेडी: झिपच्या पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये दोन दिवस, मग धुवायचं. फ्रीझरने माइट नुसते मरतात, धुतल्याशिवाय घाण जात नाही. आणि एका वेळी पलंगावर एकच टेडी, बाकीचे कपाटात, ह्यावर घरात भांडण होतं, होऊ द्या.

झाडू, पंखा, माळा

कोरडा झाडू बेडरूममध्ये बंद. केरसुणीने धूळ जात नाही, ती हवेत उठते आणि दोन तासांनी परत तिथेच बसते. आधी ओलसर फडक्याने वरच्या वस्तू पुसायच्या, मग फरशी ओल्या मॉपने. झाडायचंच असेल तर ॲलर्जीवाला घराबाहेर गेल्यावर, खिडक्या उघडून. कामाला येणाऱ्या मावशींना हे एकदा नीट समजावून सांगा, त्या म्हणतील "न झाडता पुसलं तर चिखल होतो ताई", आणि त्यांचं बरोबरच आहे, फडकं दर खोलीला पिळायला वेगळं पाणी द्यावं लागतं. धुळीत दिवसभर त्याच असतात, त्यांच्यासाठीही एक मास्क ठेवा.

पंख्याची पाती पुसायची एक भारी पद्धत: जुना अभ्रा घ्यायचा, आतून जरासा ओला करायचा, पातं पूर्ण त्या अभ्र्यात सारायचं, वरून दोन्ही हातांनी दाबून अभ्रा बाहेर ओढायचा. काळ्या लोकरीसारखा जो थर येतो तो सगळा अभ्र्यात राहतो, पलंगावर एक कण पडत नाही. तीन पाती, तीन मिनिटं. दर पंधरा दिवसांनी करा. एसीची जाळी पण तेव्हाच काढून नळाखाली धुवायची आणि पूर्ण वाळवूनच लावायची.

जाड पडदे काढून सुती, धुता येणारे लावा. कार्पेट बेडरूममधून हद्दपार, त्याऐवजी सतरंजी, जी उचलून धुता येते. पुस्तकं काचेच्या कपाटात. सोफा कापडी असेल आणि ॲलर्जीवाला माणूस त्यावर लोळत टीव्ही बघत असेल तर त्याचीही गादीसारखीच सेवा करावी लागेल.

माळ्याचं काम एकट्याने आणि एका दिवसात करायला जाऊ नका. दिवाळीच्या तोंडावर सगळं घर एकदम काढलं की आख्खं घर आठवडाभर खोकतं, हे दरवर्षीचं. गावाकडे घटस्थापनेच्या आधी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुतात, ते वेळेच्या दृष्टीने अगदी अचूक आहे. पावसाळ्यात माइट आणि बुरशी दोन्ही वाढलेल्या असतात, आणि पाठोपाठ ऑक्टोबर हीट वाळवायला तयार. तेव्हा सुरुवात तेव्हाच करा, अंथरुणापासून, मग रोज एक खोली, छतापासून खाली. एन-95 मास्क लावा, रुमाल बांधून बारीक कण अडत नाहीत.

बुरशी आणि ओल

कपाट सरकवून मागे बघा. बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कपाटामागे पावसाळ्यात हमखास काळे-हिरवे ठिपके असतात, कपड्यांना येणारा तो कुबट वास तिथूनच. कपाट भिंतीपासून तीन-चार बोटं पुढे ओढा, वारा जाऊ द्या. चामड्याच्या बॅगा, बूट, पट्टे जुलैमध्ये कोंडून ठेवू नका.

भिंतीला पोपडे आणि बुरशी असेल तर आधी पाणी कुठून येतंय ते बंद करायचं. वरच्या फ्लॅटचं बाथरूम, बाहेरच्या भिंतीची भेग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, काय असेल ते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ओरडावं लागलं तरी ओरडा. गळती तशीच ठेवून वरून महागडा पेंट मारला तर पुढच्या पावसात तोच नकाशा परत उमटतो. छताचं काम पावसाआधी, मे महिन्यातच.

टाइल्सवरची बुरशी साबणाच्या पाण्याने ब्रशने घासून निघते. नाही निघाली तर डब्यावर लिहिलंय तेवढं पाणी घालून ब्लीच, खिडकी उघडी, हातमोजे. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड कधीच मिसळायचं नाही, क्लोरीन वायू तयार होतो आणि दम्याच्या माणसाला थेट हॉस्पिटल. ज्याला त्रास आहे त्याच्या खोलीत ब्लीच वापरूच नका. गादी किंवा प्लायवुड एकदा आतून बुरशीने धरलं की ते धुवून निघत नाही, फेकायचं. कुठेही पाणी सांडलं, गळलं, तर 24 ते 48 तासांत पूर्ण सुकवा, त्यानंतर बुरशी धरायला लागते.

झुरळं

लोकांना झुरळाची किळस वाटते, पण त्याची ॲलर्जी असते हे माहीत नसतं. झुरळाची लाळ, विष्ठा, अंगाचे तुकडे, ह्या सगळ्यांनी दमा बिघडतो, मुलांचा जास्त. आणि स्प्रे मारला की त्या वासाने अजून बिघडतो.

त्यामुळे स्प्रेऐवजी झुरळं मारायचं जेल. ट्रॉलीच्या बिजागऱ्या, सिंकच्या खाली, फ्रिजच्या मोटरजवळ, मिक्सरच्या मागे, गॅसच्या ओट्याच्या फटीत, मसुराच्या दाण्याएवढे ठिपके. एक मोठा गोळा लावण्यापेक्षा खूप छोटे ठिपके चांगले. जेल लावलंय तिथे स्प्रे किंवा फिनेल मारू नका, झुरळं मग जेल खातच नाहीत. अंड्यांतून नवीन पिल्लं निघतात म्हणून तीन-चार आठवड्यांनी परत लावा. रात्री सिंक कोरडं, खरकटं झाकून बाहेर, नाणीला जाळी. आणि झुरळं संपली म्हणून थांबू नका, त्यांची घाण महिनोन् महिने टिकते, ट्रॉल्या काढून साबणाच्या गरम पाण्याने आतून धुवा. हा भाग सगळे विसरतात.

खिडकीबाहेरची कबुतरं

2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत जो गदारोळ झाला तो सगळ्यांनी पाहिला. दाणे घालावेत की नाही ह्यावर बोलत बसत नाही, पण एसीच्या युनिटमागे साठलेली विष्ठा हा आरोग्याचा प्रश्न आहे. कबुतराची सुकलेली विष्ठा आणि पिसांची भुकटी वर्षानुवर्षं श्वासात गेली तर काही जणांच्या फुप्फुसाला कायमची इजा होते, ही साधी शिंकांची ॲलर्जी नव्हे. कोरडा खोकला महिनोन् महिने जात नसेल आणि जिना चढताना दम लागत असेल तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि घराजवळ कबुतरं आहेत हे आवर्जून सांगा.

साफ करताना कोरडं खरवडायचं नाही. आधी साबणाचं पाणी शिंपडून चांगलं भिजवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग एन-95 आणि हातमोजे घालून ओलंच उचलून पिशवीत बांधा. आतली खिडकी बंद. घरात कुणाला दमा असेल तर बाहेरचा माणूस बोलवा. त्यानंतर लगेच जाळी, नाहीतर पुढच्या महिन्यात परत तेच.

धूर, फुलं, मांजर

उदबत्ती आणि धूप ही ॲलर्जी नाही, पण सुजलेल्या नाकाला आणि श्वासनलिकेला तो धूर झोंबतो. घरातल्या मोठ्यांना "उदबत्ती बंद" म्हटलं की वाद होणार, त्यापेक्षा देवापुढे निरांजन आणि उदबत्ती गॅलरीतल्या तुळशीपाशी, असं मांडून बघा, आजी तयार होतात. मच्छर कॉइल मात्र सरळ बंद करा. एक कॉइल जळताना बारीक कणांचा जेवढा धूर होतो तो 75 ते 137 सिगारेटींएवढा असतो असं 2003 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात मोजलं होतं. मच्छरदाणी लावा, फक्त ती पण धुवायची असते.

रिकाम्या प्लॉटवरचं गाजरगवत, म्हणजे काँग्रेस गवत, पुण्यात 1950 च्या दशकात पहिल्यांदा नजरेत आलं आणि आता गल्लीगल्लीत आहे. त्याच्या परागांनी नाकही वाहतं आणि कातडीवरही खाज उठते. पांढरी फुलं यायच्या आधी, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. फुलावर असेल तर तिकडची खिडकी बंद आणि चादरी त्या बाजूला वाळत घालू नका.

मांजर-कुत्रं घरातून काढा असं मी सांगणार नाही, सांगून कोणी ऐकत नाही. बेडरूमचं दार त्यांना बंद, दिवस-रात्र. मांजराची ॲलर्जी केसापेक्षा लाळेतल्या प्रोटीनची असते आणि मांजर दिलं तरी ती घरात काही महिने राहते, त्यामुळे "दिलं तरी फरक नाही पडला" असं आठवड्यात ठरवू नका.

औषध आणि टेस्ट

ह्या सगळ्याचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने द्या, गादी धुतली आणि उद्या शिंका बंद असं होत नाही. तोवर चालू असलेला इनहेलर किंवा नाकाचा स्प्रे स्वतःच्या मनाने बंद करायचा नाही. नक्की कशाची ॲलर्जी आहे ते कळायला डॉक्टर स्किन प्रिक टेस्ट करतात, हातावर थेंब टाकून टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत गांध उठते का बघतात. ती टेस्ट असेल तर ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर सगळं निगेटिव्ह येतं, तेव्हा अपॉइंटमेंट घेतानाच विचारून घ्या. आणि माइट निगेटिव्ह आणि झुरळ पॉझिटिव्ह आलं तर गादीची कव्हरं राहू देत, आधी ओट्याखालच्या ट्रॉल्या काढा.